पिकअपवरील कायमचा बोजा आणि शॉक ॲब्सॉर्बरची निवड

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन येणारे पिकअप वाहन आणि गावोगाव हिंडणारी फिरती पशुचिकित्सा गाडी, ही दोन्ही कारखान्यातून बाहेर पडताना एकाच जातीची असू शकतात. परंतु पहिले वाहन भरून जाते व रिकामे परत येते. दुसऱ्याच्या हौद्यावर मात्र औषधांची कपाटे, शीतपेटी, पाण्याची टाकी आणि उंच पत्र्याची खोली कायमची बसविलेली असते. तिचे ओझे गाडी रात्री उभी असतानाही उतरत नाही. असे असूनही जुने शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाले म्हणजे दुकानदार देईल ती जोडी दोन्ही गाड्यांना सारखीच बसविण्यात येते. यात पैसा वाया जातोच, शिवाय घाटातील वळणावर गाडी एका अंगाला झुकू लागली म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात राहण्याची संपूर्ण खोली ठेवून प्रवास करण्याची चाल आहे. त्या खोलीस तेथे ट्रक कॅम्पर म्हणतात. (आपल्याकडे कॅम्पर हे नाव दुहेरी केबिनच्या पिकअपला पडले आहे, त्याचा येथे संबंध नाही.) तेथील वाहनधारकांपुढेही हाच प्रश्न असतो. फिरती माती परीक्षण प्रयोगशाळा, पशुचिकित्सा गाडी किंवा भाजीपाल्यासाठी बसविलेली उष्णतारोधक पेटी यांचा विचार त्याच दृष्टीने केला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शॉक ॲब्सॉर्बर ओझे उचलीत नाही. ओझे उचलतात ते पाटे, म्हणजे स्प्रिंगा. खड्ड्यात चाक गेले की पाटा दबतो आणि दबलेला पाटा पुन्हा उसळतो. त्यास आवर घातला नाही तर गाडी बराच वेळ हिंदकळत राहते. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीत तेल असते व पिस्टनला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. चाक वरखाली झाले की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि हेलकाव्यातील शक्तीची उष्णता होऊन ती हवेत निघून जाते. एवढेच त्याचे काम. म्हणून गाडी मागून बसली असेल, तर नव्या शॉकने ती उठणार नाही. अशा वेळी पाटा तुटला आहे काय, मधला बोल्ट व यू बोल्ट जागेवर आहेत काय, शॅकलचे बुश झिजले आहेत काय आणि टायरमध्ये योग्य हवा आहे काय, हे आधी पाहावे. पाट्याची दुरुस्ती टाळून केवळ महागडे शॉक बसविणे हा आमच्या मते सर्वांत खर्चिक उपाय होय.

त्यानंतर गाडी पूर्ण सामानासह, पाण्याची टाकी भरून व माणसे बसवून, वजनकाट्यावर न्यावी. पुढच्या व मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे. कागदावरील क्षमता पाहून अंदाज करू नये. कपाटे व पत्रे यांचे वजन समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक भरते.

वजन हाती आले म्हणजे शॉक किती कडक हवा याचा हिशेब मांडता येतो. हेलकावा आवरण्यास लागणारा जोर वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तर वजन व पाट्याचा कडकपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. समजा, मागच्या पाट्यांवर पूर्वी 1,600 किलो भार येत होता व आता कायमचा 2,500 किलो येतो. पाटे तेच ठेवले तर शॉकचा जोर सुमारे सव्वापट हवा. पाटे वाढवून त्यांचा कडकपणाही त्याच प्रमाणात वाढविला, तर जोर दीडपटीहून थोडा अधिक लागेल. पाटे वाढविले तेव्हा शॉकचा विचार करावा लागतो तो याच कारणाने. कडक पाटा अधिक जोराने उसळतो, म्हणून उसळी आवरण्याची, म्हणजे शॉक लांबताना विरोध करण्याची, शक्ती विशेष पाहावी. दुकानात नुसते 'हेवी ड्युटी' असे विचारू नये. कोणत्या भारासाठी बनविलेला आहे, पिस्टनचा व्यास किती व वाढीव पाट्यांना तो चालतो काय, हे विचारावे.

लांबीच्या बाबतीत चूक झाली तर उत्तम शॉकही महिनाभरात तुटतो. गाडी सपाट जागी पूर्ण भाराने उभी करून शॉकच्या वरच्या व खालच्या बोल्टांच्या मध्यांतील अंतर मोजावे. समजा ते 16 इंच भरले. ॲक्सल वर येऊन ज्या रबरी बफरवर आदळतो, तेथपर्यंत मोकळी जागा 3 इंच आहे. म्हणजे बफर टेकेल तेव्हा शॉक 13 इंच होईल, आणि बफरचे रबरही थोडे दबेल. म्हणून नव्या शॉकची पूर्ण मिटलेली लांबी 12 इंचांच्या आसपास असावी. ती 14 इंच असेल, तर बफरच्या आधी शॉकच टेकेल व वरची पकड उखडून येईल. उलट, चाक लोंबकळते तेव्हा शॉकची पूर्ण लांबी कमी पडता कामा नये. नाही तर दर उसळीला ॲक्सलचे वजन शॉकलाच लटकते. कायम भाराच्या गाडीत पाटे नेहमीच दबलेले असतात, म्हणून मिटण्याच्या बाजूस जागा कमी उरते. रिकाम्या गाडीवर माप घेणाऱ्याची फसगत होते ती येथेच.

तेलाचा साधा शॉक, की वायूचा, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. खराब रस्त्यावर शॉक सतत काम करतो, तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाला विरोध करता येत नाही. दुहेरी नळीच्या शॉकमध्ये कमी दाबाचा नायट्रोजन भरला की हा फेस कमी होतो. आमच्या मते बहुतेक कायम भाराच्या गाड्यांना एवढे पुरेसे आहे. एकेरी नळीच्या शॉकमध्ये वायू व तेल वेगळे ठेवलेले असतात आणि नळी थेट हवेत असल्याने तो लवकर निवतो. परंतु त्याच नळीत पिस्टन सरकत असल्यामुळे दगडाचा एक पोचा बसला तरी तो अडकतो. खडीच्या रस्त्यांवर नेहमी जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हवा भरून गाडी उचलणारे शॉक मात्र घेऊ नयेत, कारण ज्या पकडीवर ते बसतात ती ओझे पेलण्यासाठी बनविलेली नसते.

आता टोमॅटोच्या गाडीविषयी. पाट्यांच्या भरलेल्या मालगाडीचा हौदा सेकंदास साधारण दोन ते चार वेळा हलतो. मजबूत क्रेटच्या थप्पीत खालचे फळ चिरडते अशी समजूत आहे; वास्तविक हादऱ्याचा मार वरच्या थरातील सैल फळाला अधिक बसतो. शॉक निकामी असेल तर हा मार बाजारापर्यंत चालू राहतो. तथापि अशा गाडीस कायम भाराचे अतिकडक शॉक बसवू नयेत. परतताना रिकामी गाडी उड्या मारते, चाके रस्ता सोडतात व ब्रेक लागत नाही. यासाठी मूळ जोराचे वायूचे शॉक, अथवा परवडत असल्यास जोर कमीजास्त करता येणारे शॉक बरे.

पाण्याच्या किंवा फवारणीच्या टाकीत द्रव हिंदकळतो, आणि अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा वाईट. त्यावर उपाय शॉक नव्हे, टाकीतील आडवे पडदे होत.

शॉक बदलल्याने गाडीची मंजूर भारमर्यादा वाढत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत बदल करावयाचा तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि 2019 च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी 20,000 रुपये दंड व वर प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये आहेत.

बसविताना गाडी जॅकवर उचलून घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. एकाच ॲक्सलवरील दोन्ही शॉक एकदम बदलावेत. दुहेरी नळीचा शॉक उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढावा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. वायूच्या शॉकजवळ वेल्डिंग करू नये व जुना शॉक तापवू किंवा कापू नये. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळावेत, नाही तर रबर पिळलेलेच राहून फाटते. पहिल्या खडतर फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत आणि प्रत्येक शॉकला बेताने हात लावून पाहावा. एकाच ॲक्सलवरील एक गरम व दुसरा थंड असेल, तर थंड शॉक काम करीत नाही असे समजावे आणि हमीपत्रासह तो दुकानात परत न्यावा.