पदक मागण्याआधी नोंद शोधा

माजी सैनिकाच्या ट्रंकेत तळाशी डिस्चार्ज बुक असते. कँटीनच्या कार्डासाठी, बँकेसाठी, मुलाच्या प्रवेशासाठी त्याच्या पहिल्या पानांच्या झेरॉक्स निघत राहतात. पदकांचा रकाना मात्र वर्षानुवर्षे कुणी वाचत नाही. समजा, एखाद्या मेळाव्यात जुना साथीदार छातीवर पूर्वी स्टार लावून भेटतो आणि घरी येऊन पुस्तक उघडले, तर आपल्या रकान्यात नुसते संग्राम मेडल. दोघेही एकाच कंपनीतले. डिसेंबर १९७१ मध्ये जंगी पलटण, म्हणजे १ मराठा लाइट इन्फंट्री, लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरला लढली, तेव्हा दोघेही तिथे होते. मग एकाच्या पुस्तकात स्टार आणि दुसऱ्याच्या पुस्तकात तो नाही, हे कसे होते? आणि इतक्या वर्षांनी जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावात बसून ते दुरुस्त करून घेता येते का?

येते, पण आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. आपल्याकडे गावात शिपाई असो की सुभेदार, निवृत्त होऊन आला की तो ‘मेजर’च. पदकांचेही असेच सरसकट होते, सगळी शौर्यपदकेच समजली जातात. लष्कराच्या लेखी ते दोन निराळे वर्ग आहेत. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल ही पदके एका माणसाच्या एका विशिष्ट कामगिरीसाठी असतात. दुसरा वर्ग मोहिमेतल्या सेवेचा. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलसाठी ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल, शिवाय सियाचीनचे वेगळे. यातले स्टार रणक्षेत्रात असलेल्यांना आणि त्यांच्या जोडीची मेडले त्याहून मोठ्या वर्तुळाला. या वर्गात पराक्रम सिद्ध करायचा नसतो. ठरलेल्या तारखांना ठरलेल्या भागात तुम्ही पलटणीच्या हजेरीवर होता, एवढे दाखवले की पुरे. राहून गेलेले पदक या दुसऱ्या वर्गातले असेल तर काम होण्यासारखे आहे. पहिल्या वर्गाकडे नंतर वळू.

मोहिमेचे पदक मिळते ते असे. पलटण आपल्या पात्र जवानांची नावनिशीवार यादी करते, मंजुरी आली की पार्ट टू ऑर्डर निघते आणि रेकॉर्ड ऑफिसात ती नोंद जवानाच्या शीट रोलवर चढते. रजा, बदली, बढती, लग्न, मुलाचा जन्म, जखम, नोकरीतली प्रत्येक घडामोड याच वाटेने जाते. शेतकऱ्याच्या भाषेत, शीट रोल हा सातबारा आणि पार्ट टू ऑर्डर हा त्याचा फेरफार. फेरफार झालाच नाही, किंवा झाला पण सातबाऱ्यावर ओढला गेला नाही, तर माणूस जमीन कसत असूनही कागदावर नसतो. डिस्चार्ज बुक ही निवृत्तीच्या वेळी या सगळ्यातून उतरवलेली गोषवारा-वही आहे. चूक वहीत दिसली तरी ती वरच्या कागदांपैकी नेमकी कुठे झाली, ते शोधणे हे खरे काम.

साखळी तुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. लढाईच्या काळात जवान दुसऱ्या युनिटला जोडलेला असतो. यादी करताना मूळ पलटणीला वाटते तिकडचे लोक करतील, तिकडच्यांना वाटते इकडचे. कुणी जखमी होऊन इस्पितळात जातो आणि तिथून परत पलटणीत न येता रेजिमेंटच्या सेंटरला. पदकाच्या याद्या युद्ध संपल्यावर सावकाश होतात, तोवर कुणी नोकरी सोडून गावी पोचलेला असतो. आणि मग नावांचा घोळ. मराठी माणसाचे नाव, बापाचे नाव, आडनाव, मध्येच ‘राव’. परमुलखातल्या कारकुनाने यातले काय घेतले आणि इंग्रजीत कसे उतरवले, यावर दोन कागदांवर दोन माणसे तयार होतात. नावाचा घोळ किती वरपर्यंत जाऊ शकतो पाहा. कारगिल युद्धात टायगर हिलवर लढलेल्या १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्र सिंह यादव यांचे परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. ते इस्पितळात जिवंत होते. शहीद झाला होता त्यांच्याच नावाचा दुसरा जवान.

जालनेकरांच्या वाट्याला आणखी एक खास गुंता आहे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी भरती झालेल्या जालना, अंबड, भोकरदन, जाफराबादच्या जवानाच्या शीट रोलवर जिल्हा औरंगाबाद आहे आणि परतूरच्या जवानाच्या शीट रोलवर परभणी. घनसावंगी, बदनापूर, मंठा हे तालुके तर आणखी नंतरचे. आज आधार कार्डावर तालुका घनसावंगी, जिल्हा जालना आणि रेकॉर्डवर तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद; त्यात औरंगाबादचे आता छत्रपती संभाजीनगर झालेले. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात बसलेल्या कारकुनाला हा इतिहास माहीत असण्याचे कारण नाही. म्हणून अर्जात जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते लिहावेत आणि गाव तेच असल्याचा तहसीलचा दाखला जोडावा. या एका कागदाने पुढचा बराच पत्रव्यवहार वाचतो.

अर्ज जातो तो ज्या रेजिमेंटमधून निवृत्त झालात तिच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावात, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, रणगाडा दलाचे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला. स्वतः गाडी पकडून जायची गरज नाही. जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवणे केव्हाही बरे, कारण कागदांवर त्यांचा शिक्का येतो आणि जावक क्रमांक पडतो. त्याच अर्जाची एक प्रत स्पीड पोस्टाने थेट पाठवा, पावती जपा.

मात्र पदकाचा अर्ज करण्याआधी एक पायरी आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच गाळतात: आपल्या रेकॉर्डची प्रत मागवणे. साधे पत्र पाठवून मागता येते. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, नाही आले तर पहिले अपील. स्वतःचीच कागदपत्रे मागणाऱ्याला ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देण्यात अर्थ नसतो, हे अपिलात ठामपणे लिहावे. मागायचे काय, ते नेमके लिहा: शीट रोलची साक्षांकित प्रत, अमुक ते अमुक काळातल्या बदली, रजा आणि जोडणीच्या पार्ट टू ऑर्डर, पदकांबाबतच्या पार्ट टू ऑर्डर आणि लाँग रोलमधला उतारा.

लाँग रोल हा शब्द लक्षात ठेवा. पेन्शन न मिळता घरी आलेल्या जवानांची सेवा-कागदपत्रे लष्कराच्या नियमावलीतल्या परिच्छेद ५९५ प्रमाणे पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात. उरते ती लाँग रोलमधली त्रोटक नोंद. ‘रेकॉर्ड नष्ट झाले आहे’ असे उत्तर आले की म्हातारे शिपाई खचतात आणि फाइल बंद करून टाकतात. पण तिथे रस्ता संपत नाही, पुराव्याची जागा बदलते. अमेरिकेत १९७३ साली सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून दीड कोटीहून जास्त लष्करी फाइली जळाल्या. तिथेही लोकांना इतर कागदांवरून आपली सेवा पुन्हा उभी करावी लागली. त्यांच्याकडे लष्करी नोंदी दुरुस्त करणारी स्वतंत्र नागरी मंडळे आहेत, १९४६ च्या कायद्यापासून. आपल्याकडे तसे मंडळ नाही, आणि ते असायला हवे असे माझे मत आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला एका नोंदीसाठी थेट सशस्त्र सेना न्यायाधिकरणाची पायरी दाखवणे शोभणारे नाही.

पुरावा दोन प्रश्नांची उत्तरे देतो. पलटण तिथे होती का, आणि तुम्ही पलटणीत होता का. पहिल्याचे उत्तर सोपे. पलटणीचा इतिहास असतो, वॉर डायरी असते. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणाप्रमाणे अशी युद्धकागदपत्रे साधारण पंचवीस वर्षांनी खुली व्हायची आहेत. जड जातो तो दुसरा प्रश्न. तुमची पलटण जमालपूरला होती म्हणजे तुम्ही होता असे नाही. तुम्ही त्या आठवड्यात रजेवर असू शकता, मागे सेंटरला असू शकता. इथे उपयोगी पडतात जुनी पेबुके, त्या महिन्यांतला फील्डचा भत्ता दाखवणारा पगाराचा हिशेब, इस्पितळाची कागदे, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेली घरी आलेली पत्रे. त्याच कंपनीतल्या साथीदाराच्या डिस्चार्ज बुकाची प्रत फार वजनदार ठरते आणि तिच्या जोडीला दोन साथीदारांची प्रतिज्ञापत्रे. ‘आम्ही बरोबर होतो’ एवढेच लिहिलेले प्रतिज्ञापत्र मात्र कुचकामी. प्लाटून कोणती, कंपनी कमांडर कोण, कोणत्या दिवशी कुठे, असे तपशील हवेत.

जखमी झालेल्यांनी तर पदकाच्याही आधी आणखी एक नोंद तपासावी. लष्कर जखमांची विभागणी करते: शत्रूच्या कारवाईत झालेली ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि इतर सगळी ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. लढाईच्या भागात गोळीचा छर्रा लागूनही कागदावर दुसरा शेरा पडला असेल, तर युद्धजखमीसाठीचे पराक्रम पदक तर जातेच, शिवाय पेन्शनचा प्रकारच बदलतो. युद्धातल्या जखमेची पेन्शन साध्या अपंगत्व पेन्शनपेक्षा जास्त असते. मेडिकल बोर्डाचे कागद, विशेषतः निवृत्तीच्या वेळचा एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, त्यासाठी मागवून घ्यावा आणि जखमेच्या कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे. एका शब्दाच्या शेऱ्यावर घरात येणारा पैसा ठरलेला असतो.

आता शौर्यपदके. इथे कडू गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. शिफारस कमांडिंग ऑफिसरकडून निघते, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी चढत दिल्लीला जाते आणि अखेर राजपत्रात नाव येते. ‘मला वीर चक्र मिळायला हवे होते’ हा अर्ज इतक्या वर्षांनी सहसा उभा राहत नाही आणि न्यायालयेही पदक वाटायला बसत नाहीत. नोंद खोटी ठरवणे ही मात्र वेगळी बाब. कारगिलमध्ये बटालिक भागात लढलेल्या ७० इन्फंट्री ब्रिगेडचे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांनी आपल्या कामगिरीच्या नोंदी वरिष्ठाने चुकीच्या केल्याची तक्रार नेली, आणि सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने २०१० मध्ये त्यांचा गोपनीय अहवाल रद्द ठरवून युद्धाच्या अहवालातही दुरुस्ती करायला सांगितले. न्यायाधिकरण हात घालते ते नोंदीला, ही त्यातली खूण.

पदक राजपत्रात जाहीर झाले आहे पण पेन्शनच्या कागदावर आलेले नाही, असे असेल तर तो थेट हक्काचा पैसा आहे. ऑगस्ट २०१७ पासून केंद्राचा मासिक भत्ता महावीर चक्रासाठी १०,००० रुपये, वीर चक्रासाठी ७,०००, शौर्य चक्रासाठी ६,००० आणि सेना मेडलसाठी २,००० रुपये असा होता. तो वेतनाहून वेगळा मिळतो, आणि पदकविजेत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीचा त्यावर हक्क असतो. अशा वेळी राजपत्राची प्रत जोडून रेकॉर्ड ऑफिसला प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे दुरुस्त पीपीओसाठी, म्हणजे पेन्शनच्या आदेशासाठी, प्रस्ताव पाठवायला सांगावे आणि ‘स्पर्श’ या पेन्शन पोर्टलवर तो चढला का ते बघत राहावे. मोहिमेच्या पदकांना असा मासिक भत्ता नसतो, हेही आधीच माहीत असलेले बरे.

रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई पीठ आहे; निवृत्त माणसाला आपल्या राहत्या भागातल्या पीठाकडे जाता येते. नकार मिळाल्यापासून, किंवा उत्तराविना सहा महिने गेल्यापासून, पुढच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण कारण पटण्यासारखे हवे. तिथेही निराशा झाली तर, सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२३ च्या निकालाने उच्च न्यायालयाचा दरवाजा खुला राहिला आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.

एक सावधगिरी. छावणीच्या बाजारात दुकानदार कुठलेही पदक विकतो. सरकारी पदकाच्या कडेवर मात्र सर्व्हिस नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. नोंद नसताना बाजारचे पदक लावून मेळाव्यात गेलात तर तुमचा खरा दावाही संशयात पडतो.

साक्षीदार साथीदार एकेक करून कमी होत आहेत आणि प्रतिज्ञापत्र फक्त जिवंत माणूसच करू शकतो. घरात कुणी फौजी असेल तर या रविवारी त्यांचे डिस्चार्ज बुक बाहेर काढा, पदकांचा रकाना त्यांच्याच समोर मोठ्याने वाचा, आणि काही राहिले असेल तर पहिल्याच पत्राच्या पहिल्या ओळीत सर्व्हिस नंबर लिहा.