शाळेतील परिचारिका

शाळेतील परिचारिका म्हणजे खरचटलेल्या गुडघ्याला औषध लावणारी बाई, हा समज किती अपुरा आहे, हे न्यूयॉर्कच्या 1902 सालच्या वृत्तान्तावरून ध्यानात येते. त्या काळी तपासणीस येणारे डॉक्टर खुपऱ्या, गजकर्ण वा उवा आढळलेल्या मुलांस घरी धाडण्याचा हुकूम देत. परंतु पुढील उपचार कोणाच्याच अखत्यारीत नसल्यामुळे गरीब वस्तीतील ती मुले दीर्घकाळ शिक्षणास मुकत, आणि सायंकाळी गल्लीत शाळेतल्याच सवंगड्यांशी खेळत. समाजसेविका लिलियन वॉल्ड यांच्या पुढाकाराने ऑक्टोबरात परिचारिका लिना रॉजर्स चार शाळांवर रुजू झाल्या. त्यांनी शाळेतच मलमपट्टी केली, आणि, मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की मुलांच्या घरी जाऊन मातांना उपचार समजावून दिले. महिनाभराच्या त्या प्रयोगाचे फळ पाहून शहराने आणखी 12 परिचारिका नेमल्या.

आजची परिचारिका दमा वा मधुमेह असलेल्या मुलास वैद्याच्या लेखी आज्ञेनुसारच औषध देते, प्रत्येक मात्रेची नोंद दप्तरी ठेवते, आणि मुलाच्या प्रकृतीची हकीकत ज्या शिक्षकास कळणे अवश्य आहे त्याच्यापलीकडे जाऊ देत नाही.