सायकलचा टायर : बारीक की रुंद?

बारामती - टायर जितका बारीक, तितकी सायकल वेगवान, हा समज पुणे-बारामती सायकल शर्यतीची परंपरा असलेल्या या भागात चांगलाच रुजलेला आहे. शर्यतीच्या सायकली वर्षानुवर्षे २३ मिलिमीटरच्या टायरवर धावल्या, हे खरे. तथापि आता जागतिक शर्यतींतील स्पर्धकांनीच २८ मिलिमीटर व त्याहून रुंद टायर स्वीकारले आहेत.

चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो व पुन्हा मूळ आकारात येतो. या दबण्यात थोडी शक्ती वाया जाते. हवेचा दाब सारखा असेल, तर रुंद टायरचा टेकलेला भाग आडवा पसरतो, पण लांबीला कमी भरतो. त्यामुळे तो कमी दबतो आणि उलट हलका चालतो. बारीक टायरला खरा लाभ होतो तो वाऱ्याचा विरोध कापताना. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साहजिकच ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या स्पर्धकाला हा लाभ मिळतो, ताशी १५ ने शाळेला निघालेल्या विद्यार्थ्याला नाही.

त्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न निराळाच आहे. गळीत हंगामात माळेगाव वा भवानीनगर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीला वाट देण्यासाठी त्याला मुरमाच्या साइडपट्टीवर उतरावे लागते. तेथे बारीक टायर रुततो, घसरतो, आणि ट्रॉली शेजारीच असते. अशा रस्त्यांना ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर हवा. जुन्या काळ्या सायकलचा २८ बाय दीड इंची टायर साधारण याच रुंदीचा होता, हे विसरून चालणार नाही. त्यात मध्यम वजनाच्या स्वारासाठी ४० ते ५० पौंड हवा पुरते. २८ मिलिमीटरच्या टायरला ७० ते ८० पौंड लागते.

खरेदी करताना टायरच्या बाजूवरील '३७-६२२' यांसारखे आकडे वाचावेत. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. दुसरा तंतोतंत जुळलाच पाहिजे. काळ्या सायकलची रिम ६३५ ची, आधुनिक सायकलची बहुधा ६२२ ची. '२८ इंची' मात्र दोन्हींना म्हणतात. फोर्क व ब्रेकजवळ मोकळी जागाही पाहावी, अन्यथा पावसाळ्यात काळी माती अडकून चाक जागीच जाम होते. बाभळीच्या काट्यापुढे रुंदीचा उपयोग फारसा नाही. त्यासाठी आत संरक्षक पट्टा असलेला टायर घ्यावा.