सध्या काय खेळतोयस?

गेमचं परीक्षण ऐकावं ते मित्रांकडून. ‘भारी’, ‘टाइमपास’ आणि ‘डोक्याला शॉट’ या तीन शेऱ्यांत सगळं आटोपतं. चौथा शेरा ‘रडीचा डाव’, तो फक्त हरलेल्याने द्यायचा. आमच्या टोळक्यात एक ट्रेकवेडा आहे, एक बँकेत नोकरी करणारी आहे, एक दोन पोरांचा बाप आहे आणि एक न्यू जर्सीत असतो. आमची रात्र म्हणजे त्याची दुपार, त्यामुळे तो जेवता जेवता हेडफोन लावून भांडायला हजर. मतं अर्थातच जुळत नाहीत. पण या मतांच्या मागे जरा खणलं तर भलताच ऐवज सापडतो. आम्ही ज्यावरून हमरीतुमरीवर येतो, ते कित्येकदा कुणी ठरवून केलेलंच नसतं. कुठे चूक झालेली असते, कुठे जागा कमी पडलेली असते, तर कुठे कुणी गंमत म्हणून ठेवलेलं तसंच राहून गेलेलं असतं.

दोर माझ्याकडे, मी दरीत

ट्रेकरचा सध्याचा लाडका गेम म्हणजे ‘पीक’. जून २०२५ मध्ये आला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. गोष्ट एवढीशीच. विमान कोसळून काही स्काउटची पोरं एका बेटावर अडकली आहेत आणि सुटका हवी असेल तर समोरच्या डोंगराचा माथा गाठायचा. चौघांपर्यंत एकत्र खेळता येतं. ‘अ‍ॅग्रो क्रॅब’ ही सिएटलची मंडळी आणि ‘लँडफॉल’ ही स्वीडनची, दोघांनी दक्षिण कोरियात एकत्र मुक्काम ठोकून या गेमचा पाया घातला. म्हणजे मित्रांनी मित्रांसाठी केलेला प्रकार.

खरी मजा पडद्याच्या तळाशी असलेल्या दमाच्या पट्टीत आहे. चढताना ती संपत जाते, सपाटीवर उभं राहिलं की भरते. पण पोटात भूक असेल, पाय मुरगळला असेल, थंडी वाजत असेल किंवा पिशवीत सामान जास्त कोंबलं असेल, तर पट्टीचा तेवढा तुकडा अडून बसतो आणि उरलेल्या दमावर भागवावं लागतं. वर पोचलेल्याने हात पुढे केला तर खालच्याला ओढून घेता येतं. आवाजसुद्धा अंतराच्या हिशोबाने ऐकू येतो, त्यामुळे कडा सुटलेल्या मित्राच्या शिव्या खाली जाता जाता बारीक होत होत विरतात. फारच भूक लागली की शेजारचा सोबती भाजलेल्या कोंबडीसारखा दिसायला लागतो, आणि हो, त्याला खाताही येतं. शिवाय डोंगर रोज बदलतो. काल सापडलेली वाट आज नाही.

ट्रेकरचा अभिप्राय: ‘हरिश्चंद्रगडाची नळीची वाट परवडली. तिथे निदान दोर ज्याच्याकडे असतो तो वर असतो.’ बँकवालीचं मत जास्त व्यवहारी आहे. ‘स्थळ पाहायला आलं की आधी हा गेम खेळावा, पत्रिका नंतर. हात कोण देतो आणि एकटाच पुढे कोण पळतो, अर्ध्या तासात कळतं.’

एकाने घ्यायचा, दोघांनी खेळायचा

न्यू जर्सीवाल्याची शिफारस ‘स्प्लिट फिक्शन’, मार्च २०२५ चा. हा एकट्याने खेळताच येत नाही, जोडीदार हवाच. पण विकत एकानेच घ्यायचा, दुसऱ्याला फुकट प्रवेश. मराठी माणसाला याहून गोड बातमी कोणती? दिग्दर्शक जोसेफ फारेस याने हीच युक्ती आधी ‘इट टेक्स टू’मध्ये वापरली होती. त्यात घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या नवराबायकोच्या बाहुल्या होतात आणि घरातून वाट काढता काढता त्यांना एकमेकांशी पुन्हा बोलावं लागतं. २०२१ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम तोच ठरला. ‘स्प्लिट फिक्शन’च्या दोन नायिका मिओ आणि झोई. ही फारेसच्या मुलींची नावं आहेत.

हंसाची कटकट

‘अनटायटल्ड गूज गेम’बद्दल आमच्यात दुमत नाही, अपवाद म्हणून. तुम्ही एक हंस आहात, गाव शांत आहे, आणि माळ्याच्या किल्ल्या पळवून लोकांना जेरीस आणणं एवढंच तुमचं काम. मेलबर्नच्या ‘हाउस हाउस’मधल्या मित्रांपैकी एकाने गप्पांच्या ओघात हंसाचा एक तयार फोटो टाकला आणि हसता हसता त्याचा गेम झाला. शीर्षक मात्र कुणाला सुचलंच नाही, ते तसंच राहिलं.

जुगार नाही हो सासूबाई

बँकवाली लोकलमध्ये ‘बलाट्रो’ खेळते. पोकरच्या पत्त्यांवर गुण मिळवायचे आणि दीडशे प्रकारच्या जोकरमधून असे जोकर निवडायचे की ते गुण दसपट, शंभरपट फुगत जातील. पैसे लावायचे नाहीत, जिंकायचे नाहीत. कॅनडातल्या एकाच माणसाने हा केला. तो ‘लोकलथंक’ या नावानेच वावरतो, खरं नाव सांगत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेम आला आणि महिन्याभरात दहा लाख प्रती गेल्या.

पण युरोपातल्या वयोमर्यादा ठरवणाऱ्या ‘पेगी’ या संस्थेने त्यावर १८ चा शिक्का मारला, कारण काय, तर पोकरचे हात शिकवले जातात. फुटबॉलच्या गेममध्ये खरे पैसे मोजून नशिबाची पाकिटं फोडता येतात, त्यांना ३ वर्षांपासून मोकळीक, यावरून लोकलथंकने टोमणेही मारले. अपील झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १८ चे १२ झाले. बँकवालीच्या घरी हे अपील अजून प्रलंबित आहे. पडद्यावर इस्पिकचा एक्का दिसला की सासूबाईंचा चेहरा बदलतो.

वाट पाहून डोळे

‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ची घोषणा फेब्रुवारी २०१९ मधली. गेम आला ४ सप्टेंबर २०२५ ला. त्या दिवशी गर्दी एवढी उसळली की ऑनलाइन दुकानांची दारंच काही काळ उघडेनात. त्याच्या पुढ्यात आपला गेम नको म्हणून इतर कित्येक छोट्या निर्मात्यांनी आपल्या तारखा पुढे ढकलल्या. एवढा दरारा असलेली ‘टीम चेरी’ म्हणजे अ‍ॅडलेडमधली जेमतेम तिघाचौघांची चमू. उशीर का झाला? काही अडलं नव्हतं, करताना मजा येत होती म्हणून करत राहिलो, असं त्यांनीच सांगितलं. सरकारी कंत्राटदारांनी हे कारण अजून वापरलेलं नाही. न्यू जर्सीवाल्याचा शेरा ‘भारी’, ट्रेकरचा ‘डोक्याला शॉट’. दोघेही बरोबर. या गेममध्ये बरेच शत्रू एका फटक्यात दोन ठोकळे जीव काढतात आणि चुकायला जागाच ठेवत नाहीत.

चुकलेलं डुक्कर आणि मारिओच्या मिशा

दोन पोरांच्या बापाला सध्या ‘माइनक्राफ्ट’शिवाय दुसरं काही नशिबात नाही. पोरं ज्याला घाबरतात तो हिरवा, बिनहाताचा, फुस्स करून फुटणारा ‘क्रीपर’ खरं तर बिघडलेलं डुक्कर आहे. डुकराची आकृती करताना लांबी आणि उंची यांची अदलाबदल झाली, उभं विचित्र ध्यान तयार झालं आणि ते फेकून न देता हिरवं रंगवून गेममध्ये सोडलं.

मारिओच्या मिशांचंही तसंच. १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’मध्ये तो आला तेव्हा पडद्यावर ठिपके इतके थोडे की तोंड काढणं अवघड. मिशा दिल्या, नाक उठून दिसलं. केस हलवायचा वैताग नको म्हणून टोपी घातली. १९८५ च्या ‘सुपर मारिओ’तले ढग आणि झुडपं नीट पाहा, आकृती एकच आहे, फक्त रंग वेगळा. त्या काळात स्मृतीचा एकेक बाइट वाचवावा लागे.

‘स्पेस इनव्हेडर्स’ची कथा मला या सगळ्यांत आवडती. १९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादोने तो केला. पडद्यावर परग्रहवासी भरपूर असले की यंत्राला एवढ्यांना हलवताना धाप लागे, म्हणून ते संथ सरकत. एकेक मरत गेला की भार हलका होई आणि उरलेले पळत सुटत. निशिकादोने ते दुरुस्त केलं नाही. शेवट जवळ आला की गेम अवघड होत जायला हवा, हा धडा पुढच्या सगळ्यांना त्या दमलेल्या यंत्राने दिला.

एडी घ्यायचा नाही!

जुन्यांचा विषय निघाला की मारामारीचा ‘टेकन ३’ येतोच आणि सोबत जुना नियमही: एडी गोर्डो घ्यायचा नाही. तो कपोइरा ही लाथांची नाचरी युद्धकला खेळतो, म्हणजे कुणीही डोळे मिटून बटणं बडवली तरी त्याच्या तंगड्या चक्रासारख्या फिरतात आणि वर्षानुवर्षं सराव केलेला भिडू आडवा होतो. रडीचा डाव म्हणतात तो हाच. एकामागोमाग एक फटके जोडण्याची युक्ती, जिच्यावर अशा सगळ्या गेमची शान आहे, तीसुद्धा १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये अपघाताने आली. तपासताना निर्मात्यांच्या ते लक्षात आलं होतं, पण एवढी अचूक वेळ कुणाला साधणार, असं समजून त्यांनी ते राहू दिलं. लोकांना साधली.

गांधीजी आणि अणुबाँब

आमच्यात सगळ्यात लांबलेला वाद ‘सिव्हिलायझेशन’वरचा. १९९१ पासून चालत आलेल्या या मालिकेत तुम्ही एखाद्या संस्कृतीचे नेते होता आणि भारताच्या बाजूने बहुतेक भागांत गांधीजी असतात. न्यू जर्सीवाल्याने छातीठोकपणे सांगितलं: पहिल्या गेममध्ये गांधीजींचा आक्रमकपणा होता १. लोकशाही आली की त्यातून २ वजा व्हायचे. उणे संख्या यंत्राला कळत नसल्याने आकडा थेट २५५ वर जायचा आणि गांधीजी जगावर अणुबाँब टाकत सुटायचे.

गोष्ट झकास आहे आणि खोटी आहे. गेमचा जनक सिड मायर याने २०२० च्या आत्मचरित्रात ही भानगड कधी झालीच नव्हती, असं स्पष्ट लिहिलं. त्या गेममध्ये भारत विज्ञानात पटपट पुढे जाई, त्यामुळे अण्वस्त्रं त्याच्या हाती लवकर येत. मग इतर कुठलाही नेता देई तीच ठरावीक धमकी गांधीजींच्या तोंडीही येई. तेवढं एक वाक्य खेळाडूंच्या डोक्यात घर करून बसलं. गंमत पुढे आहे. २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये रचनाकार जॉन शेफरने मस्करी म्हणून गांधीजींचा अणुबाँबप्रेमाचा गुण दहापैकी १२ ठेवला. दंतकथा ती, पण तिला आता खराखुरा पुरावा मिळाला. न्यू जर्सीवाला या एका मुद्द्यावर अजून स्वतःला विजयी समजतो.

आपल्या घाटात कोण?

ट्रेकरला ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ दाखवला. २०१७ च्या या गेममध्ये क्लोई आणि नदीन या दोन नायिका गणपतीचा सुळा शोधत जीप घेऊन पश्चिम घाटात शिरतात आणि होयसळांच्या बेलूर-हळेबीडूपर्यंत जातात. ‘चिखल बरोबर आहे,’ एवढं त्याने मान्य केलं. ‘हिटमॅन २’ (२०१८) मधल्या मुंबईत चाळी, धोबीघाट आणि सिनेमाचं चित्रीकरण आहे. तिथल्या एका खलनायकाचं नाव वझीर काळे. बुद्धिबळाच्या पटावरून उठून आलेल्या या काळ्यांचं गाव कोणतं, हे आम्हाला सापडलेलं नाही.

खुद्द पुण्यात झालेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ बघायला हवाच. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा. ऑनलाइन वर्गणी काढायचा पहिला प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये गेम बाहेर पडला. डोंबाऱ्याच्या खेळातली पोर राजी हरवलेल्या भावाला शोधते, दुर्गा तिला त्रिशूळ देते. भिंतींवरची चित्रं थांबून पाहावीत अशी. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणाच्या नामांकनांत तो होता. शेवट मात्र तोंडचा घास काढल्यासारखा अचानक येतो, यावर आमच्यात एकमत.

मी गेम खेळत नाही

असं म्हणणारा एक जण प्रत्येक टोळक्यात असतो आणि तो ‘सॉलिटेअर’ खेळत असतो. १९८८ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टमध्ये शिकाऊ म्हणून आलेल्या वेस चेरीने तो लिहिला आणि १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर तो जगभरच्या कचेऱ्यांत पोचला. माउसने वस्तू पकडून दुसरीकडे नेऊन सोडायची सवय लोकांना याच पत्त्यांनी लावली. चेरीला त्याचा एक पैसाही मानधन म्हणून मिळाला नाही. त्याने त्यात एक खास कळ ठेवली होती. साहेब आला की दाबायची, पत्ते गायब आणि पडद्यावर कामाचं काहीतरी हजर. कंपनीने ती काढून टाकायला लावली.

बँकवालीच्या मते गेमिंगच्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक हीच.