सत्तरीतली निवृत्ती

बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धांना पेन्शन दिली, तेव्हा वयाची अट ७० होती. तिथवर पोचणारे मोजकेच. डेन्मार्क आता त्याच आकड्याकडे निघालाय: २०४० पासून निवृत्तीचं वय ७०. वरवर ही कल्याणकारी राज्याची माघार दिसते. मला ती डागडुजी वाटते. आयुर्मान वाढलं, मुलं कमी झाली. नियम तसाच ठेवला तर कमावत्यांवरचा बोजा वाढतच जाणार.

पण छतावर कौलं चढवणाऱ्याचे गुडघे आयुर्मानाचा तक्ता पाहून टिकत नाहीत, हा आक्षेप खराच. म्हणून तिथे ६१ व्या वर्षापर्यंत ४४ वर्षं कामात काढलेल्याला तीन वर्षं आधी सुटता येतं. म्हणजे सतराव्या वर्षीच कामाला जुंपलेला माणूस. उशिरा कमावू लागलेला पदवीधर यात बसत नाही. सवलत हुद्द्याला नाही, राबलेल्या वर्षांना आहे. तीनच वर्षं मात्र जरा कंजूषपणाची वाटतात.