पुस्तक सर्वांचं होतं तेव्हा

१ जानेवारी २०३० रोजी आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरचा कॉपीराइट एकदमच संपलेला असेल. दोघेही १९६९ साली गेले, अत्रे १३ जूनला आणि अण्णा भाऊ १८ जुलैला. २०३०च्या त्या पहिल्या दिवसापासून ‘कऱ्हेचे पाणी’ किंवा ‘फकिरा’ कुणालाही छापता येईल, मोबाइलवर मोफत वाचायला ठेवता येईल, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करता येईल. परवानगी मागायला नको आणि मानधनही नको.

हिशेब साधा आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. मृत्यूची तारीख बघायची नाही, साल बघायचं. म्हणून महिन्याभराच्या अंतराने गेलेले हे दोन लेखक एकाच सकाळी मोकळे होतात.

मूळ कायद्यात ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, तेव्हा १९९१च्या अखेरीस त्यांचं साहित्य विश्वभारती विद्यापीठाच्या ताब्यातून सुटणार होतं. ते सुटू नये म्हणून केंद्राने मुदत दहा वर्षांनी वाढवली आणि १९९२च्या दुरुस्तीने ती पक्की झाली. निमित्त एका कवीचं होतं, पण वाढ देशातल्या प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक पुस्तकाला लागली. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची पुस्तकं २००१ला मोकळी व्हायची, ती झाली २०११ला. ज्ञानकोशकार केतकर मात्र १९३७ साली गेले होते. त्यांचे हक्क आधीच संपले होते आणि संपलेला हक्क पुन्हा जिवंत झाला नाही.

इथवर सोपं आहे. गुंता सुरू होतो तो एकाच कृतीला अनेकांचे हात लागलेले असतात तेव्हा.

‘श्यामची आई’ घ्या. गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक १९३५ साली आलं आणि २०११पासून ते सर्वांचं आहे. अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला १९५३ साली. चित्रपटाची साठ वर्षं प्रदर्शनाच्या सालापासून मोजतात, त्यामुळे २०१३च्या अखेरीस तोही सुटला. पण पटकथा अत्र्यांची, म्हणून तिला २०२९ संपेपर्यंत संरक्षण. संगीत वसंत देसाईंचं. ते १९७५ साली गेले, म्हणजे चालींवरचा हक्क २०३५च्या अखेरीपर्यंत. एकच चित्रपट, पण आतल्या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या साली मोकळ्या होतात. संकेतस्थळावर तो चढवणाऱ्याने ‘चित्रपट जुना आहे’ एवढ्यावर भागवून चालत नाही.

बहिणाबाईंच्या गाण्यांची मोजणी आणखी वेगळी. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी पुस्तक काढलं १९५२ साली. लेखकाच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनाच्या सालापासून धरतात, म्हणून ही गाणी २०१३पासून खुली आहेत. मात्र त्याच पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि ती २०३०पर्यंत खुली नाही. जुनं पुस्तक स्कॅन करताना कवितेचं पान घ्यायचं आणि प्रस्तावनेची पानं वगळायची, हा विचार त्यामुळेच करावा लागतो. नव्या आवृत्तीतल्या टिपा, चित्रं, शब्दार्थ यांनाही हेच लागू आहे. ज्ञानेश्वरीवर कुणाचाच हक्क नाही, पण गेल्या वीस वर्षांत कुणी तिचा सुबोध अर्थ लिहिला असेल तर त्या अर्थावर नक्की आहे.

आता यात देशाची सीमा येते. छापील पुस्तकाला ती फारशी जाणवत नव्हती, इंटरनेटवर ती पदोपदी आडवी येते. अमेरिकेने १९९६ साली परदेशी पुस्तकांसाठी वेगळा नियम लावला: १ जानेवारी १९९६ला जे पुस्तक मायदेशात अजून संरक्षित होतं, त्याला तिकडे प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षं. त्या दिवशी ‘श्यामची आई’ भारतात संरक्षित होतं. त्यामुळे जे पुस्तक पुण्यात २०११ला खुलं झालं, ते न्यू जर्सीतल्या मराठी शाळेसाठी २०३० संपेपर्यंत खुलं होत नाही. विकिस्रोतसारख्या, मोफत पुस्तकं ठेवणाऱ्या प्रकल्पांचे मुख्य सर्व्हर अमेरिकेत आहेत. तेव्हा मराठी पुस्तकाचं साल मोजताना दोन देशांचे कायदे मांडीवर घेऊन बसावं लागतं.

हक्क संपला की पुस्तक आपोआप वाचकापर्यंत पोचतं असंही नाही. पानं स्कॅन करायची, यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यायची आणि मग माणसाने ओळ न् ओळ तपासायची. जुन्या छपाईत ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत यंत्र हमखास फसतं. ‘नाहीं’, ‘करितां’ यांवरचे अनुस्वार ते कधी गाळतं, तर कधी कागदावरच्या डागालाच अनुस्वार समजतं. विकिस्रोतात प्रत्येक पान दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासल्यावरच ते प्रमाणित ठरतं. हे काम करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि मराठीवर त्यांचे फार मोठे उपकार आहेत.

मला खरी काळजी वाटते ती मात्र या प्रसिद्ध नावांची नाही. अत्रे, साठे, साने गुरुजी कुणी ना कुणी छापतच राहील. १९६०च्या आसपास एखाद्या जिल्ह्याच्या गावी एका शिक्षकाने एकच कथासंग्रह काढला, प्रकाशन कधीच बंद पडलं, दुसरी आवृत्ती निघाली नाही, अशी पुस्तकं वाचनालयांच्या कपाटांत अजून आहेत. कागद तपकिरी झालाय, पान दुमडलं की घडीवरच तुटतं. हा लेखक कधी गेला, मुलं कुठे आहेत, कुणालाच माहीत नाही. मृत्यूचं सालच नसेल तर साठ वर्षं मोजायची कुठून? शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीत १९५०पर्यंतचीच पुस्तकं सापडतात, खानोलकरांच्या ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’मध्ये कित्येक लेखकांची चरित्रं मिळतात. पण असा एका पुस्तकाचा लेखक तिथे भेटेलच याची खात्री नसते.

कायद्याने इथे दोन वाटा ठेवल्या आहेत. २०१२च्या दुरुस्तीनुसार नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील प्रतीची डिजिटल प्रत जतनासाठी करून ठेवता येते. हे प्रत्येक वाचनालयाने आजच करावं. मात्र ती प्रत जगासाठी खुली करता येत नाही. दुसरी वाट कलम ३१अची: लेखक हयात नाही किंवा सापडत नाही, हक्काचा मालक मिळत नाही, अशा वेळी प्रकाशनाचा परवाना मागता येतो. आधी हे अर्ज बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाकडे जात. २०२१ साली ते मंडळच रद्द झालं, आता न्यायालयात जावं लागतं. त्याआधी जाहिरात द्यायची, आणि तीही देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात. ज्या लेखकाचे वारस सांगलीत किंवा परभणीत असण्याची शक्यता जास्त, त्यांना शोधण्यासाठी इंग्रजी जाहिरात! तीनशे प्रती काढू पाहणारा प्रकाशक एवढा खर्च आणि एवढी खटपट करील असं मला वाटत नाही. मुदतवाढीचा लाभ मूठभर खपाऊ नावांना झाला आणि तिची किंमत या विसरलेल्या पुस्तकांनी मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे. ही जाहिरात पुस्तकाच्या भाषेतल्या दैनिकात चालावी, आणि वारसांची एक खुली नोंदवही राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळासारख्या संस्थेने ठेवावी. मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं पीडीएफ रूपात मोफत दिलीच आहेत.

आज लिहिणाऱ्यांना हा घोळ पुढच्या पिढीसाठी टाळता येतो. करारपत्रात छापील आवृत्ती, ई-पुस्तक आणि ऑडिओबुक यांचा उल्लेख वेगवेगळा असावा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिला असं कायदा मानतो. करार झाला तेव्हा जे माध्यम वापरातच नव्हतं, त्याचा हक्कही स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय प्रकाशकाकडे जात नाही. लेखकाला स्वतःचा हक्क पूर्ण किंवा काही अंशी सोडायचा असेल तर कॉपीराइट निबंधकाला कळवून किंवा जाहीर सूचना देऊन तो सोडता येतो.

आणि घरात आजोबांचं किंवा आत्याचं एखादं छापलेलं पुस्तक पडून असेल, ते कुणीतरी वाचावं अशी इच्छा असेल, तर एक पत्र पुरतं. त्यात पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल, लेखकाचं मृत्युवर्ष आणि काय करायला परवानगी आहे ते लिहायचं. खाली सगळ्या वारसांच्या सह्या घ्यायच्या, कारण हक्क सर्वांचा मिळून असतो आणि एकाची सही राहिली तरी परवानगी अपुरी ठरू शकते. पत्राची एक प्रत पुस्तकातच ठेवायची आणि दुसरी, पुस्तकासह, जवळच्या वाचनालयात द्यायची.