बाळंतिणीची खोली व बाळाचें अंथरूण

शेवगांवांत नवें घर बांधावयाचें ठरलें म्हणजे घरमालकापुढें प्रश्नांची रांग उभी राहते. दुकानाचें तोंड कोणत्या रस्त्याला असावें, तिजोरी कोणत्या भिंतीशीं ठेवावी, देवघर ईशान्येला साधतें कीं नाहीं, मालाची गाडी मागल्या बाजूनें वखारीला लागेल कीं नाहीं, ह्या प्रत्येक गोष्टीचा खल होतो. वास्तुशास्त्री येतो, गवंड्याशीं हुज्जत होते, प्रसंगीं उभी भिंत पाडून पुन्हां घालतात. पण ह्या घरांत उद्यां मूल जन्मलें तर तें निजेल कोठें, हा प्रश्न कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. कागदपत्र तपासणें हा आमचा धंदाच असल्यामुळें घरांचे नकाशे आमच्या नजरेखालून पुष्कळ जातात. त्यांत मोटारीला जागा असते, पाहुण्यांना असते, चपलांनासुद्धां असते. येणाऱ्या जिवाची सोय मात्र ऐन वेळीं, जी खोली दुसऱ्या कोणालाच नको असते तींत, लावण्यांत येते.

गेल्या हिंवाळ्यांत एका परिचित व्यापारी कुटुंबांत बारशाच्या निमित्तानें जाण्याचा योग आला. घर चांगलें खाऊनपिऊन सुखी. रस्त्याकडे प्रशस्त बैठक, तिला दोन मोठ्या खिडक्या, आणि सकाळचें ऊन थेट आंतल्या भिंतीपर्यंत येणारें. पाळणा ह्या बैठकींत तासभर हलला. नांव ठेवून झालें, घुगऱ्या वांटून झाल्या, आणि नुकतेंच नांव मिळालेले ते चिमुकले गृहस्थ मागच्या बोळांतल्या खोलींत परत रवाना झाले. आम्ही दारापर्यंत गेलों. खोलीला एकच खिडकी, तिच्यावर जुनी गोधडी खिळ्यांनीं ठोकलेली. बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी, आणि दाराच्या फटीला चिंध्यांचा बोळा. बाळ एका लुगड्याच्या झोळींत, डोक्याखालीं राईची उशी, अंगावर नाकापर्यंत ओढलेलीं दोन जाड पांघरुणें. पलीकडे अर्ध्या भिंतीआड दुकानाचा माल: खताच्या गोण्या, धान्याचीं पोतीं आणि पिकांवर फवारावयाच्या औषधांचे डबे.

आम्हीं खिडकीकडे पाहिलेलें आजीबाईंच्या लक्षांत आलें. त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, वारं लागूं नये म्हणून बुजवलंय सगळं. माझीं पांच ह्याच खोलींत वाढलीं.” किती जन्मलीं, हें विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं.

त्या माउलीचा हेतु वाईट होता असें कोण म्हणेल? आणि तिचें म्हणणें अर्धें खरेंही आहे. नवजात अर्भकास आपल्या अंगाची ऊब आपण राखतां येत नाहीं. वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा पसारा मोठा, अंगांत चरबी थोडी. त्यामुळें तें पाहतां पाहतां गार पडतें, आणि गार पडलेलें मूल नीट चोखीत नाहीं. गडचिरोलींत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनीं आपल्या ‘सर्च’ संस्थेमार्फत गांवांतल्याच बायांना शिकवून घरोघरीं नवजातांची शुश्रूषा करविली, तींत बाळाची ऊब राखणें हें एक मुख्य कलम होतें. ह्या शुश्रूषेनें नवजातांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, आणि २०११ सालापासून तीच पद्धति आशा कार्यकर्त्यांच्या द्वारें देशभर सुरू झाली. तेव्हां ऊब पाहिजे ह्याविषयीं आजीबाईंत व डॉक्टरांत मतभेद नाहीं.

पण ऊब निराळी आणि कोंडवाडा निराळा. बाळाला ऊब हवी ती आईच्या अंगाची. दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरीं १९७८-७९ च्या सुमारास, कांचेच्या पेट्या पुरेनात म्हणून, तेथील डॉक्टरांनीं कमी वजनाचीं मुलें आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्यास आरंभ केला. निरुपायानें निघालेली ती युक्ति आज सर्व जगानें उचलली आहे. आपल्या देशासह पांच देशांतील इस्पितळांत झालेल्या व २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, जन्मतांच हा उपाय सुरू केल्यास अशा मुलांचे मृत्यु एक चतुर्थांशानें कमी होतात असें आढळलें. ह्या उपायास कोळसा लागत नाहीं.

कोळशाचा उल्लेख आला म्हणून दोन शब्द स्पष्ट लिहितों. बंद खोलींत कोळसा पुरता जळत नाहीं व त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास ना रंग ना वास. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो, आणि निजलेलें माणूस खोकलतही नाहीं, उठतही नाहीं. बाळंतिणीला शेक द्यावयाचा असेल तर दार उघडें ठेवून, कोणी जागें असतांना द्यावा, व निजण्यापूर्वीं शेगडी अंगणांत न्यावी. दुसरी गोष्ट खास व्यापारी बंधूंसाठीं. धान्याला कीड लागूं नये म्हणून पोत्यांत ज्या ‘सल्फास’च्या गोळ्या टाकतात, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेंतल्या दमटपणानें त्यांतून फॉस्फिन नांवाचा विषारी वायु सुटतो. तो हवेहून जड. दाराखालून, अर्ध्या भिंतीवरून शेजारच्या खोलींत उतरतो, आणि त्या विषावर वैद्यकांत उतारा नाहीं. कायद्याप्रमाणें ह्या गोळ्या सामान्य माणसाच्या हातीं पडावयाच्याच नाहींत. त्या कशा पडतात हें बाजारांतल्या मंडळींस आम्हीं सांगावयास नको. ज्या घराच्या मागल्या अंगास वखार आहे, त्या घराच्या मागल्या खोलींत तान्हें मूल निजवूं नये, मग वखारींत त्या दिवशीं काय आहे ह्याची चौकशीही करूं नये.

आतां कोणी म्हणतील कीं, हीं सगळीं विलायती खुळें; आमच्या वाडवडिलांची रीत काय वाईट होती? त्यांस आमची विनंति आहे कीं त्यांनीं वाडवडिलांचाच ग्रंथ उघडावा. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत कुमारागाराचें, म्हणजे बालकाच्या घराचें, वर्णन आहे. तें घर वास्तुविद्या जाणणाऱ्यानें बांधलेलें असावें. तें अंधारें नसावें. झोंबऱ्या वाऱ्यापासून सुरक्षित असावें, परंतु त्याच्या एका भागांत वारा खेळता असावा. जनावरें, उंदीर, किडेपतंग ह्यांचा तेथें शिरकाव नसावा. अंथरूण-पांघरूण मऊ, हलकें व स्वच्छ असावें. घामट, मळकें, जीवजंतु झालेलें टाकून द्यावें, आणि दुसरें नसेल तर तेंच धुऊन, वाळवून वापरावें. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा ग्रंथ जें सांगतो, त्यांतील एकही कलम त्या गोधडी ठोकलेल्या खोलींत पाळलें जात नव्हतें. मग ही रीत आली कोठून? शास्त्रांतून नव्हे, विटाळांतून. बाळंतीण दहा दिवस सोवळ्याला चालत नाहीं, म्हणून तिला देवघर व स्वयंपाकघर ह्यांपासून दूर, जेथें कोणाचा पाय पडत नाहीं अशा कोनाड्यांत ठेवावयाचें. आणि मग त्या कोनाड्याच्या अंधाराला ‘वारा लागूं नये’ हें सोज्वळ कारण जोडून द्यावयाचें, असा हा प्रकार आहे. आज बहुतेक बाळंतपणें दवाखान्यांत होतात, तेथें विटाळ मानण्यास कोणास जागा नसते. पण चौथ्या दिवशीं माय-लेंकरूं घरीं आलें कीं पुन्हां तीच खोली उघडते.

खोलीचा व जिवाचा संबंध किती निकट आहे ह्याचा पुरावा आमच्याच इलाख्यांत आहे. १९२१ सालीं मुंबई शहरांत जन्मलेल्या दर हजारीं सहाशेंहून अधिक मुलें वर्षाच्या आंत दगावल्याची नोंद आहे, आणि त्यांतही एका खोलींत राहणाऱ्यांचा आंकडा चार खोल्यांत राहणाऱ्यांच्या कित्येक पट होता. कांहीं बाया बाळंतपणाला गांवीं जात व जन्म तेथें नोंदले जात, ही त्या हिशेबांतील त्रुटि जमेस धरली तरी फरक पुसला जात नाहीं. गिरणींत जाणारी आई मूल निजून राहावें म्हणून त्याला अफूची बाळगोळी देई. तिचा दोष कोणत्या तोंडानें काढावा? महाराष्ट्रांत हाच आंकडा, २०२० च्या सरकारी पाहणीप्रमाणें, दर हजारीं १६ वर आला होता. हा पालट लहानसहान नव्हे. परंतु त्या १६ पैकीं ११ मुलें पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात, म्हणजे ज्या दिवसांत तीं ह्या मागल्या खोलींत असतात त्याच दिवसांत. सर्वांचें कारण खोली नव्हे. कमी दिवसांचीं, कमी वजनाचीं मुलें त्यांत पुष्कळ. पण अशाच मुलांस खोलीचा फरक सर्वांत अधिक बाधतो. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें, तेव्हां त्या स्वतः चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखानें त्यांना फिलाडेल्फियापर्यंत नेलें, आणि १८८६ सालीं तेथें त्यांनीं पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय हिंदु आर्यांचें प्रसूतिशास्त्र हा होता. आमच्या घरांतल्या मागल्या खोलीचा विचार एवढ्या लांब जाऊन एका मुलीला करावा लागला.

असो. मग बाळानें निजावें कोठें? घरांतली जी खोली उजेडाची, कोरडी व धूर न येणारी असेल तींत, आईच्या हाताच्या अंतरावर. आणि पुष्कळ घरांत ती खोली म्हणजे बैठकच असते. अंथरूण सपाट व घट्ट असावें; हाताखालीं खचणारी फोमची गादी नको, कोच तर मुळींच नको. उशी नको, राईचीही नको. डोकें चपटें होईल ही भीति असेल तर निजवितांना त्याचें तोंड आळीपाळीनें डाव्या-उजव्या अंगास करावें व जागेपणीं थोडा वेळ पालथें ठेवावें. निजवितांना मात्र उताणेंच. इंग्लंडांत १९९१ पासून व अमेरिकेंत १९९४ पासून मुलें उताणीं निजविण्याचा उपदेश घरोघर झाला आणि झोंपेंत अचानक दगावणाऱ्या मुलांची संख्या तेथें निम्म्याहून खालीं आली. उताण्या मुलाची ओकारी श्वासांत जाते ही समजूत खोटी ठरली आहे. पांघरूण छातीपर्यंत, तोंडावर कधींही नाहीं. झोळींत बाळाची पाठ कमानीसारखी वांकते, हनुवटी छातीला टेकते व श्वासाची वाट अरुंद होते; म्हणून झोळी दिवसा, कोणाच्या डोळ्यांपुढें, घटकाभर असावी, रात्रीची नसावी. जमिनीवर निजणाऱ्यांनीं भिंतीपासून हातभर दूर निजावें व मच्छरदाणी अंथरुणाखालीं खोंचावी. आमच्या भागांत विंचू व मण्यार ह्यांचें भय कल्पित नव्हे.

आईच्या कुशींत कीं वेगळें, ह्यावर मात्र मोठा वाद आहे. अमेरिकेंतील बालवैद्यांच्या मंडळानें २०२२ सालीं पुन्हां सांगितलें कीं निदान सहा महिने मूल आईबापांच्याच खोलींत, परंतु वेगळ्या अंथरुणावर असावें. आमच्याकडे आईच्या कुशींतून मूल काढणें हें क्रौर्य वाटतें, आणि रात्रीं चारदां पाजावयाचें तर ती कूस सोयीचीही आहे. ह्या वादांत न्यूझीलंडच्या माओरी लोकांनीं काढलेली तोड आम्हांस फार शहाणपणाची वाटते. तेथें आया तंबाखू ओढीत व मुलें कुशींत घेऊन निजत, आणि मुलें गुदमरत. ‘वेगळें निजवा’ हा उपदेश कोणी ऐकेना. तेव्हां २००६ च्या सुमारास त्यांच्यांतल्याच जाणत्यांनीं गवती पात्याची एक उथळ पाटी विणून दिली. ‘वहाकुरा’ तिचें नांव. ती आईच्या अंथरुणावरच ठेवावयाची. मूल आईपाशीं, पण आपल्या जागेंत. आमच्याकडे जन्मलेलें मूल प्रथम सुपांत ठेवण्याची चाल होतीच. ज्या बुरुडाकडून आपण सुपें-टोपल्या घेतों, त्यास दोन हात लांबीची, सपाट तळाची, वीतभर काठाची एक गुळगुळीत पाटी सांगावी. ज्या घरांत अंथरुणावर बिडी ओढली जाते किंवा कोणी पिऊन निजतो, त्या घरांत तर हीच एक वाट आहे. नवरा कितीही प्रेमळ असला तरी बाळ त्याच्या व आईच्या मध्यें निजवूं नये.

आशाताई प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं घरीं येते. तिला ओसरीवर चहा पाजून वाटेला लावण्याची जी सभ्य रीत पडली आहे ती सोडावी, व तिला खोली दाखवावी.

आतां ज्यांना मागली खोलीही नाहीं त्यांच्याविषयीं. शेवगांव-पाथर्डीकडील हजारों जोडपीं दसरा-दिवाळी उलटतांच कोयते घेऊन कारखान्यांच्या मार्गाला लागतात व चार-सहा महिने ऊंसाच्या फडाशेजारीं कोपींत राहतात. त्या मुलाचें घर म्हणजे वरून प्लास्टिकचा कागद, खालीं ओली जमीन, दारांत चूल. आई पहांटेपूर्वीं फडांत जाते, कारण एका दिवसाचा खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. मूल बांधावर किंवा गाडीखालीं झोळींत, आणि ऊंसांत बिबट्या वावरतो हें सर्वांस ठाऊक. १९२९ सालीं मुंबई इलाख्यानें देशांत पहिल्याप्रथम बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला, आणि त्यापूर्वीं १९२८ सालीं त्या विधेयकाच्या बाजूनें कायदेमंडळांत डॉ. आंबेडकर बोलले होते. त्या कायद्याला शंभर वर्षें होत आलीं. मुकादमाकडून उचल घेणारी बाई कारखान्याची नोकर ठरत नाहीं, म्हणून आजही तिला त्याचा आधार नाहीं. ही लढाई न्यायालयांत व विधिमंडळांत लढावी लागेल, आणि ती लढण्यास आमच्या धंद्याचे लोक पुढें आले पाहिजेत.

तोंवर एक गोष्ट शेवगांवच्या पेठेच्या हातीं आहे. टोळी निघण्यापूर्वीं शिधा, ताडपत्री, विजेरी, दोरखंड हा सारा माल ह्याच पेठेंतून उधारीवर जातो. ज्या जोडप्याबरोबर तान्हें मूल आहे, त्याच्या गाडींत एक बुरुडी पाटी, एक मच्छरदाणी व दोन धुतलेलीं सुती लुगडीं घालावींत, आणि उधारीच्या वहींत ती रक्कम मांडूं नये.